मलेरियाच्या रक्तातल्या टी-रेग पेशी : मोजायच्या कशा आणि आकडा वाचायचा कसा

मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तातल्या नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेच्या बोलीत टी-रेग, मोजायला आता फार मोठा पसारा लागत नाही. पाच मिली रक्त, आठ रंग वाचणारा फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीवरचे चमकते रंग मोजणारं यंत्र) आणि एक पूर्ण दिवस एवढं पुरतं. खरी अडचण टक्केवारी हातात आल्यावर सुरू होते. तीव्र आजारात या पेशी वाढतात असं सांगणारे शोधनिबंध आहेत, कमी होतात असं सांगणारेही आहेत. बऱ्याचदा हा वाद पेशींचा नसतोच. भागाकार कशाने केला आणि रक्त आजाराच्या कोणत्या दिवशी काढलं, याचा असतो. एमडी किंवा पीएचडीच्या प्रबंधासाठी हा विषय घेतला असेल, तर पहिला रुग्ण नोंदवण्याआधीच पुढचं सगळं कागदावर ठरवून टाका.

मोजायचं आहे ते काय

मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत वाढतो आणि फाल्सिपॅरम व व्हायव्हॅक्स या प्रजातींमध्ये साधारण ४८ तासांनी ती पेशी फोडून बाहेर पडतो. फुटताना जो कचरा रक्तात येतो, त्याने मोनोसाइट पेशी चेकाळतात आणि टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ ही रसायनं सोडतात. थंडी वाजून ताप भरतो तो यांच्यामुळे. या भडक्याला आवर घालण्याचं काम ज्या पेशी करतात, त्यांत फॉक्सपी३ हे प्रथिन बाळगणाऱ्या टी-रेग आहेत आणि फॉक्सपी३ नसलेल्या पण आयएल-१० हे दाह शमवणारं रसायन सोडणाऱ्या टीआर-१ पेशीही आहेत. पहिल्यांवर इतका भर दिला जातो की दुसऱ्या विसरल्या जातात. मलेरियात हे विशेष महागात पडतं, कारण इथे आयएल-१० चा मोठा वाटा या दुसऱ्या पेशींकडूनच येतो. युगांडातल्या मुलांमध्ये आणि योएली या परजीवीची लागण केलेल्या उंदरांमध्ये हे स्वतंत्रपणे दिसलं आहे.

आवर घालणं चांगलं की वाईट, हे वेळेवर ठरतं. परजीवी रक्तात नुकते उतरले असताना आवर पडला, तर त्यांना मोकळं रान मिळतं. परजीवी भरपूर वाढून शरीराची प्रतिक्रिया तापल्यावर मात्र हाच आवर मेंदू आणि फुफ्फुसं वाचवू शकतो. ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम फाल्सिपॅरमची लागण करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीजीएफ-बीटा हे दाह दाबणारं रसायन आणि टी-रेग यांची वाढ परजीवी झपाट्याने वाढण्याशी जोडलेली दिसली. बुर्किना फासोतल्या फुलानी लोकांना शेजारच्या मोसी लोकांपेक्षा मलेरियाचा त्रास कमी होतो. २००८ च्या अभ्यासात त्यांच्या टी-रेग कामाला कमजोर आढळल्या. इंडोनेशियाच्या पापुआत २००९ मध्ये तीव्र मलेरियाच्या प्रौढांमध्ये टीएनएफआर-२ (टीएनएफ पकडणारं प्रथिन) मिरवणाऱ्या, दाबण्याची ताकद जास्त असलेल्या टी-रेग सापडल्या. युगांडात २०१५ मध्ये उलटंच चित्र होतं : वारंवार मलेरिया होणाऱ्या मुलांच्या रक्तात फॉक्सपी३ पेशी घटलेल्या होत्या. हे चारही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. पहिल्यांदाच लागण झालेला प्रौढ, अत्यवस्थ रुग्ण आणि दर पावसाळ्यात मलेरिया होणारं मूल हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुमचा कोणता, ते आधी ठरवा.

मुंबईत काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तिथे बहुतांश रुग्ण व्हायव्हॅक्सचे, गडचिरोलीत फाल्सिपॅरमचं प्रमाण मोठं. दोन्ही एकाच गटात टाकले की निकाल वाचता येत नाही. तुलना करायची असेल तर दोन्ही गट सुरुवातीपासून वेगळे ठेवून पुरेसे रुग्ण घ्या.

कोणाला घ्यायचं, कोणाला नाही

गरोदर स्त्रिया, एचआयव्ही, क्षयरोग, स्वप्रतिकार आजार आणि गेल्या महिन्यात स्टेरॉइड घेतलेले रुग्ण वगळा. या प्रत्येकात टी-रेग किंवा एकूण लिम्फोसाइट मुळातच बदललेले असतात. पावसाळ्यात डेंग्यूची एनएस-१ तपासणी सगळ्यांची करा. एकाच रुग्णात दोन्ही आजार असणं दुर्मीळ नाही, आणि प्लेटलेट दोन्हींत घसरतात. ग्रामीण भागात शौचाची तपासणी करून जंतांची नोंद ठेवा, कारण आतड्यातले जंतही नियामक पेशी वाढवतात. जंत असलेल्यांना वगळलं तर गडचिरोलीत हाती फार कोणी उरणार नाही. म्हणून वगळू नका, नोंदवा आणि विश्लेषणात वेगळं धरा.

रक्त तीन वेळा लागतं : औषधाचा पहिला डोस देण्याआधी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला नमुना डोसनंतर काढला गेला तर तो रुग्ण अभ्यासातून काढून टाका, मग मन कितीही मोडलं तरी. उपचार सुरू झाल्यावर लिम्फोसाइट काही दिवसांतच भराभर रक्तात परततात, आणि तुम्ही आजार मोजण्याऐवजी बरं होणं मोजत बसता. मात्र नमुन्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. रक्त काढणारा माणूस वॉर्डात आधीच उभा असला पाहिजे, ही तजवीज तुमची.

नोंदवहीत ताप सुरू झाल्याचा दिवस, नमुना घेतानाचं तापमान, पॅरासिटामॉल कधी घेतलं, आधीचा मलेरिया कधी झाला होता आणि गेल्या तीन महिन्यांतला प्रवास हे रकाने हवेतच. तीव्र मलेरिया ठरवताना वॉर्डातलं ‘सिरियस’ हे विशेषण चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष वापरा : प्रौढात शुद्धीचा ग्लासगो गुण ११ पेक्षा कमी, डेसिलिटरमागे रक्तशर्करा ४० मिलिग्रॅमच्या खाली, क्रिएटिनिन ३ मिलिग्रॅमच्या वर, फाल्सिपॅरममध्ये १० टक्क्यांहून जास्त तांबड्या पेशी बाधित, इत्यादी. लक्षणांचा संबंध पेशींशी जोडायचा असेल तर ‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ या दोन खणांवर थांबू नका. तापाचे दिवस आणि परजीवींची संख्या या सलग आकड्यांतून जास्त कळतं.

नैतिक समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती, लहान मुलांसाठी पालकांची संमती आणि वयानुसार मुलाची स्वतःची संमती हे सगळं मराठीत, रुग्णाला कळेल अशा भाषेत हवं. मुलांचं पाच मिली रक्त मागू नका. त्यांच्यासाठी पूर्ण रक्ताची पद्धत आहे, ती पुढे येईल.

रक्त काढणं आणि प्रयोगशाळेत आणणं

हिरव्या झाकणाच्या सोडियम हेपारिन ट्यूबमध्ये पाच मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये दोन मिली. हेपारिनमधल्या पेशी पुढे संवर्धनात वापरता येतात. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून त्यातल्या पेशी उद्दीपनाला नीट प्रतिसाद देत नाहीत. उलट पीसीआरसाठी हेपारिन चालत नाही, ते अभिक्रियाच अडवतं. दोन ट्यूब यासाठी.

वाहतूक १८ ते २२ अंशांवर करायची, बर्फात नाही. बर्फावर ठेवलेल्या रक्तातून फायकॉलचा (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रावणाचा) थर नीट सुटत नाही, ग्रॅन्युलोसाइट खाली बसायच्या ऐवजी पेशींच्या थरात अडकतात. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र उघड्या डब्यात ट्यूब नेणं म्हणजे पेशी शिजवणं. थर्माकोलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला आणलेले जेलपॅक ठेवा आणि आत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र टाका. रक्त काढल्यापासून सहा ते आठ तासांत प्रक्रिया सुरू व्हावी. त्याहून उशीर होणार असेल तर सगळ्याच रुग्णांसाठी तो सारखा ठेवा. रुग्णालयातल्या निरोगी तुलनागटाचं रक्त अर्ध्या तासात आणि रुग्णांचं दहा तासांनी, असं झालं तर दिसणारा फरक रस्त्याचा असेल.

स्मीअर (काचपट्टीवरचा रक्ताचा थर) ईडीटीएमधून लगेच करा : जाड थराला ६ मायक्रोलिटर, पातळ थराला २. गिम्सा रंग ३ टक्के, पीएच ७.२, ४५ ते ६० मिनिटं. घाई असेल तर १० टक्के गिम्सा १० ते १५ मिनिटं, पण संशोधनासाठी पहिलीच रीत बरी. जाड थरात २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी आले ते मोजा. १०० पेक्षा कमी आले तर ५०० पांढऱ्या पेशींपर्यंत मोजत राहा. मग परजीवींच्या आकड्याला मोजलेल्या पांढऱ्या पेशींनी भागा आणि रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येने गुणा. इथे ८,००० हा ठोकळ आकडा वापरण्याची सवय आहे. समजा २०० पेशींमागे ३४० परजीवी दिसले आणि रुग्णाची खरी संख्या ४,२०० आहे. बरोबर उत्तर ७,१४० प्रति मायक्रोलिटर. ठोकळ आकड्याने तेच १३,६०० होतं. मलेरियात पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, त्यामुळे ही चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होते. दोन तंत्रज्ञांनी वेगवेगळं मोजावं आणि फार तफावत आली तर तिसऱ्याने.

पेशी वेगळ्या करणं

चार मिली हेपारिन रक्तात चार मिली पीबीएस (खारं बफर द्रावण) मिसळा. उरलेलं एक मिली पूर्ण रक्ताच्या ट्यूबसाठी राखून ठेवा. १५ मिलीच्या ट्यूबमध्ये १.०७७ घनतेचं चार मिली फायकॉल घ्या. ट्यूब तिरकी धरून, पिपेटचं टोक काचेला टेकवून, विरळ केलेलं रक्त हळूहळू त्यावर सोडा. सीमारेषा मोडली तर तिथेच थांबून नवी ट्यूब घ्या, ती पुन्हा जुळत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर घुसळला जातो. दिवसाची पहिली ट्यूब लावताना हे बटण बघायची सवय लावून घ्या.

ढगाळ पांढरा थर उचलून पीबीएसमध्ये ३०० जीला १० मिनिटं धुवा, मग २०० जीला पुन्हा १० मिनिटं. दुसरी हलकी फेरी प्लेटलेट काढण्यासाठी आहे.

मलेरियाच्या रक्तात इथे एक खास घोळ होतो. परिपक्व परजीवी असलेल्या तांबड्या पेशींची घनता साध्या तांबड्या पेशींपेक्षा कमी असते, त्यामुळे त्यातल्या काही खाली न बसता पांढऱ्या थरात येतात. फाल्सिपॅरममध्ये परिपक्व अवस्था बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, म्हणून बोटाच्या किंवा शिरेच्या रक्तात त्या कमी. व्हायव्हॅक्समध्ये सगळ्या अवस्था फिरत्या रक्तात असतात, तेव्हा हा त्रास जास्त. पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) लालसर दिसला तर अमोनियम क्लोराइडचं द्रावण (१५५ मिलिमोलर, सोबत १० मिलिमोलर पोटॅशियम बायकार्बोनेट आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए) दोन मिली घालून पाच मिनिटं थांबा, मग भरपूर पीबीएस घालून धुवा. दहा मिनिटं ठेवू नका, लिम्फोसाइटही दुखावतात. लालसर पेलेट तसाच पुढे नेला तर पेशींची मोजणी खोटी येते आणि रंग कमी पडतो.

दुसरा घोळ हीमोझोइनचा. परजीवीने सोडलेलं हे तपकिरी रंगद्रव्य मोनोसाइट गिळतात. अशा पेशी प्रकाश विचित्र विखुरतात, स्वतःच चमकतात आणि प्रतिपिंडं फुकट चिकटवून घेतात. निरोगी रक्तावर बसवलेलं पॅनेल (रंग जोडलेल्या प्रतिपिंडांचा संच) मलेरियाच्या नमुन्यावर फसतं ते बहुधा इथे. उपाय : सीडी१४ या मोनोसाइटवरच्या खुणेचा रंग घालून मोनोसाइट बाहेर फेकायचे, आणि मेलेल्या पेशींचा रंगही यंत्राच्या त्याच रंग-खिडकीत ठेवायचा.

रंग चढवणं

पॅनेल साधं ठेवा : सीडी३, सीडी४, सीडी२५, सीडी१२७, सीडी४५आरए, फॉक्सपी३, सीडी१४ आणि मृत पेशींचा रंग. सीडी२५ आणि फॉक्सपी३ दोन्ही कमी प्रमाणात असतात, त्यांना सगळ्यात तेजस्वी रंग द्या, जसं पीई आणि अलेक्सा ६४७. सीडी४ भरपूर असतं, त्याला फिका रंगही चालतो. जोडरंग, म्हणजे पीई-सीवाय७ सारखे, उजेडात आणि फिक्सेटिव्हमध्ये तुटतात. ते वापरले तर ट्यूब अंधारात ठेवा आणि रंगवल्यावर त्याच दिवशी वाचा. प्रत्येक प्रतिपिंडाचं योग्य प्रमाण आधी सहा पातळ्यांवर तपासून ठरवा. कंपनीने सुचवलेलं प्रमाण बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त असतं, आणि जास्त प्रतिपिंड म्हणजे जास्त पार्श्वचमक.

एका ट्यूबला १० लाख पेशी. मृत पेशींचा अमाइन रंग प्रथिन नसलेल्या पीबीएसमध्येच लावा, २० ते ३० मिनिटं, अंधारात. सीरम असलेल्या बफरमध्ये लावला तर सीरममधलं प्रथिनच तो पिऊन टाकतं. प्रोपिडियम आयोडाइड किंवा ७-एएडी इथे कामाचे नाहीत, कारण पुढे सगळ्याच पेशींना भोकं पाडायची आहेत. मग एफसी ब्लॉक (प्रतिपिंडं फुकट चिकटणं रोखणारं द्रावण) १० मिनिटं आणि पृष्ठभागावरच्या प्रतिपिंडांचं मिश्रण १०० मायक्रोलिटरमध्ये, ४ अंशांवर ३० मिनिटं.

फॉक्सपी३ केंद्रकात असतं. सायटोकाइनसाठी वापरतात तो साधा पॅराफॉर्माल्डिहाइड आणि सॅपोनिनचा संच केंद्रकापर्यंत नीट पोचत नाही. फॉक्सपी३ साठीचाच संच घ्या. फिक्स-पर्मचं, म्हणजे पेशी पक्क्या करून त्यांना भोकं पाडणारं, घट्ट द्रावण एकास तीन या प्रमाणात सोबतच्या द्रावकाने विरळ करून प्रत्येक ट्यूबला एक मिली, खोलीच्या तापमानाला ४५ ते ६० मिनिटं. द्रावण घालण्याआधी पेलेट हलकेच झटकून सुटा करा, नाहीतर गुठळ्या तशाच पक्क्या होतात. इथून पुढे पेशी सहज खाली बसत नाहीत, म्हणून ५०० ते ६०० जीला फिरवा. ३०० जीवर फिरवून वरचं पाणी ओतलं की अर्ध्या पेशी बेसिनमध्ये जातात. पर्म बफरने दोनदा धुवून, पर्म बफरमध्येच फॉक्सपी३ चं प्रतिपिंड ३० मिनिटं, पुन्हा दोनदा धुणं, २०० मायक्रोलिटरमध्ये पेशी पुन्हा मिसळणं. फॉक्सपी३ च्या प्रतिपिंडाचा क्लोन (वाण), २५९डी असो की पीसीएच१०१, पूर्ण अभ्यासभर एकच राहू द्या. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रत्येक ट्यूबमधून किमान ५०,००० सीडी४ पेशी वाचा. टी-रेग पाच टक्के धरल्या तर २,५०० मिळतात आणि नुसत्या मोजणीतली चूक दोन टक्क्यांवर राहते. ५,००० सीडी४ वर थांबलात तर २५० टी-रेग हाती येतात, चूक सहा टक्क्यांवर जाते, आणि त्या २५० चे पुढे उपगट पाडायचे म्हटले की काही उरत नाही.

मुलांसाठी १०० मायक्रोलिटर पूर्ण रक्तावरच पृष्ठभागाचे रंग लावा, तांबड्या पेशी फोडा, धुवा आणि मग वरचीच फिक्स-पर्मची पायरी करा. एक मिली रक्तात स्मीअर, रक्तगणना आणि टी-रेग सगळं बसतं.

गेट लावणं

गेट म्हणजे आलेखावर हव्या त्या पेशी वेगळ्या करणारी चौकट. क्रम असा : जोडपेशी (एकमेकींना चिकटलेल्या पेशी) वगळा, मृत आणि सीडी१४ वगळा, लिम्फोसाइट, सीडी३, सीडी४, मग सीडी२५ आणि सीडी१२७. सीडी३ चा गेट चुकवू नका. मोनोसाइटवरही थोडं सीडी४ असतं.

सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी ही २००६ पासूनची रूढ ओळख निरोगी माणसात छान चालते. तापलेल्या मलेरियात ती गळते. नुकत्याच चेतवलेल्या साध्या टी पेशीही सीडी२५ वाढवतात आणि सीडी१२७ घटवतात. त्याहून वाईट म्हणजे माणसाच्या साध्या टी पेशी चेतवल्यावर काही काळ थोडं फॉक्सपी३ सुद्धा दाखवतात. उंदरांत ही भानगड इतकी नाही, म्हणून उंदरांवरून शिकून आलेले हमखास इथे अडखळतात. ज्या प्रथिनाच्या शोधातल्या कामासाठी मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल या शास्त्रज्ञांना शिमोन साकागुची यांच्यासह २०२५ चं नोबेल मिळालं, ते प्रथिन दिसलं म्हणजे पेशी टी-रेगच असं माणसात म्हणता येत नाही.

यासाठी सीडी४ पेशी फॉक्सपी३ आणि सीडी४५आरए यांच्या आलेखावर टाका आणि तीन भाग करा. सीडी४५आरए असलेल्या, थोडं फॉक्सपी३ असलेल्या पेशी म्हणजे विश्रांतीतल्या टी-रेग. सीडी४५आरए नसलेल्या, भरपूर फॉक्सपी३ असलेल्या म्हणजे कामावरच्या टी-रेग. सीडी४५आरए नसलेल्या, थोडंच फॉक्सपी३ असलेल्या तिसऱ्या भागात दाबण्याची ताकद जवळजवळ नसते. त्यातल्या पुष्कळ पेशी स्वतःच दाह वाढवणारी रसायनं सोडतात. तापाच्या दिवशी फुगण्याची भीती याच भागाची. तिन्ही भाग एकत्र करून ‘फॉक्सपी३ असलेल्या पेशी वाढल्या’ असं लिहिलं, तर चेतवलेल्या साध्या पेशींना नियामक म्हटल्यासारखं होतं. जागा असेल तर सीटीएलए-४ या दडपणाच्या प्रथिनाचा रंग घाला : दुसऱ्या भागात तो ठळक दिसायला हवा, तिसऱ्यात फिका.

गेटची सीमा नजरेने ठरवू नका आणि आयसोटाइप प्रतिपिंडावरही (कशालाच न ओळखणाऱ्या तुलनेच्या प्रतिपिंडावर) नाही. एक एक रंग वगळलेल्या ट्यूब, म्हणजे एफएमओ, सीडी२५, सीडी१२७ आणि फॉक्सपी३ साठी दर तुकडीत लावा. हीमोझोइनने चमक वाढते, म्हणून एफएमओ रुग्णाच्याच पेशींवर करा, निरोगी रक्तावर नाही. पेशी कमी पडल्या तर फॉक्सपी३ चा एफएमओ तरी सोडू नका.

टक्केवारीतून संख्या

सगळ्या कामातली महत्त्वाची पायरी ही, आणि हिला फक्त कॅल्क्युलेटर लागतो. एक काल्पनिक रुग्ण घेऊ. पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी ४,२००, लिम्फोसाइट १८ टक्के, म्हणजे ७५६ प्रति मायक्रोलिटर. त्यातल्या सीडी४ टी पेशी ३८ टक्के, म्हणजे २८७. त्यातल्या टी-रेग ७.५ टक्के, म्हणजे सुमारे २२. अठ्ठाविसाव्या दिवशी पांढऱ्या पेशी ६,८००, लिम्फोसाइट ३४ टक्के, म्हणजे २,३१२, सीडी४ ४१ टक्के, म्हणजे ९४८, टी-रेग ५.५ टक्के, म्हणजे ५२.

टक्केवारी सांगते की आजारात टी-रेग वाढल्या होत्या, ७.५ विरुद्ध ५.५. संख्या सांगते की त्या निम्म्याहून कमी झाल्या होत्या, २२ विरुद्ध ५२. दोन्ही खरं आहे. तापात लिम्फोसाइट रक्त सोडून प्लीहा आणि इतर ऊतींत जातात. साध्या सीडी४ पेशी जास्त गेल्या आणि टी-रेग त्यामानाने कमी गेल्या, तर टक्केवारी आपोआप चढते. एकही नवी टी-रेग तयार झाली नसेल तरी. म्हणून निबंधात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा, आणि सोबत टी-रेग व चेतवलेल्या साध्या सीडी४ पेशी यांचं गुणोत्तरही द्या. लक्षणांशी संबंध शोधताना या गुणोत्तराचा उपयोग नुसत्या टक्केवारीपेक्षा जास्त होतो, कारण आवर किती हे ज्याला आवरायचं त्याच्या तुलनेतच कळतं.

रक्तगणना आणि फ्लो ही दोन यंत्रं मिळून ही संख्या निघते, त्यामुळे दोन्हींच्या चुका जमा होतात. खर्च परवडत असेल तर मोजणीचे मणी घातलेली, न धुतलेली ५० मायक्रोलिटर पूर्ण रक्ताची एक वेगळी ट्यूब लावून सीडी४ ची संख्या थेट काढा. रक्त चिकट असतं, तेव्हा ते उलट्या पिपेटिंगने घ्या : बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून ओढायचं आणि पहिल्या टप्प्यापर्यंतच सोडायचं.

टीआर-१ आणि आयएल-१०

यांना खात्रीची पृष्ठखूण नाही. सीडी४९बी आणि लॅग-३ वापरतात, पण मलेरियात आयएल-१० आणि इंटरफेरॉन-गॅमा एकत्र सोडणाऱ्या सीडी४ पेशी शोधणं जास्त भरवशाचं. पेशी चेतवायला पीएमए ५० नॅनोग्रॅम आणि आयनोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, सोबत रसायनं पेशीतच अडवायला ब्रेफेल्डिन ए १० मायक्रोग्रॅम, चार ते पाच तास. पीएमएने पृष्ठभागावरचं सीडी४ पेशीच्या आत ओढलं जातं आणि ‘सीडी४ पेशी गायब’ असं दिसतं. म्हणून सीडी४ चं प्रतिपिंड या ट्यूबमध्ये भोकं पाडल्यानंतर घाला. उद्दीपनाशिवायची ट्यूब प्रत्येक रुग्णाची हवी, कारण तापात काही पेशी आधीच आयएल-१० सोडत असतात.

परजीवीविशिष्ट प्रतिसाद हवा असेल तर फाल्सिपॅरमसाठी बाधित तांबड्या पेशींचा अर्क आणि त्याच रक्तगटाच्या अबाधित पेशींचा अर्क, दोन्ही सारख्याच प्रमाणात. फाल्सिपॅरमचं सलग संवर्धन १९७६ पासून जमतं. व्हायव्हॅक्सचं तसं आजही जमत नाही, त्यामुळे मुंबईच्या रुग्णांसाठी रुग्णांच्याच रक्तातून मिळवलेला परजीवी किंवा परजीवीच्या एमएसपी-१ सारखं प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन यांवर भागवावं लागतं. फाल्सिपॅरमचा अर्क व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला लावून प्रतिसाद कमी आला म्हणून दडपण जास्त, असा निष्कर्ष काढू नका.

दाबण्याची ताकद

पेशी आहेत म्हणजे काम करताहेत असं नाही. सॉर्टरने (पेशी वेगळ्या काढणाऱ्या यंत्राने) सीडी२५ जास्त व सीडी१२७ कमी असलेल्या पेशी वेगळ्या करा, सीएफएसई (दर विभाजनाला निम्मा होणारा रंग) लावलेल्या साध्या सीडी४ पेशींबरोबर १:१, १:२, १:४, १:८ अशा प्रमाणात गोल तळाच्या ९६ खणी प्लेटमध्ये ठेवा, सीडी३/सीडी२८ च्या मण्यांनी चेतवा आणि चौथ्या दिवशी विभाजन वाचा. दडपणाची टक्केवारी म्हणजे १०० गुणिले (१ वजा टी-रेगसह विभाजन भागिले टी-रेगविना विभाजन).

हिशोब आधी करा. मायक्रोलिटरमागे २२ टी-रेग असतील तर चार मिलीत नव्वद हजारांच्या आत. फायकॉल आणि सॉर्टिंगमध्ये अर्ध्या जातात असं धरा. खणात १०,००० साध्या पेशी ठेवल्या तर चार प्रमाणांना मिळून १८,७५० टी-रेग लागतात, म्हणजे जेमतेम दोनदा बसतं. साध्या पेशी शक्यतो एकाच निरोगी दात्याच्या, गोठवलेल्या घ्या. रुग्णाच्याच साध्या पेशी वापरल्या तर टी-रेग कमजोर की साध्या पेशी हट्टी, हे वेगळं करता येत नाही.

सॉर्टर नसेल तर काही जण चुंबकी मण्यांनी सीडी२५ पेशी काढून टाकतात आणि आधीचा व नंतरचा इंटरफेरॉन-गॅमा तुलना करतात. बरं झालेल्या रुग्णात चालेल. तीव्र आजारात नको, कारण चेतवलेल्या योद्ध्या पेशीही सीडी२५ बाळगतात आणि त्याही निघून जातात. उंदरांत सीडी२५ वरचं पीसी६१ प्रतिपिंड देऊन केलेल्या जुन्या प्रयोगांवर हाच आक्षेप आहे.

प्लाझ्मातले सापळे

आयएल-१०, टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा मोजणं सरळ आहे : दोन तासांत प्लाझ्मा वेगळा करा, लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा, एक भाग एकदाच वितळवा. टीजीएफ-बीटा मात्र नुसता सापळा आहे. प्लेटलेटमध्ये तो ठासून भरलेला असतो आणि रक्त गोठताना बाहेर पडतो. म्हणजे सीरममधला टीजीएफ-बीटा बऱ्याच अंशी प्लेटलेटची संख्याच सांगतो. मलेरियात प्लेटलेट ४०,००० वर आलेल्या असताना सीरममध्ये तो कमी दिसणारच; त्यावरून नियामक पेशींबद्दल काहीच म्हणता येत नाही. तो मोजायचाच असेल तर प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेटविरहित करा, आम्लाने सक्रिय करून एकूण मोजा, आणि विश्लेषणात प्लेटलेटची संख्या धरा.

फ्लो शक्य नसलेल्या ठिकाणी

दूरच्या आरोग्य केंद्रात फ्लो नसेल तर ईडीटीए रक्त गोठवून ठेवा आणि फॉक्सपी३ जनुकातल्या टीएसडीआर या तुकड्याचं मिथाइलेशन (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) पीसीआरने मोजा. खऱ्या टी-रेगमध्ये हा तुकडा मिथाइलमुक्त असतो, चेतवलेल्या साध्या पेशींत नसतो. त्यामुळे तिसऱ्या भागाची भानगड इथे येतच नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रियांमध्ये निष्क्रिय एक्सवरची प्रत मिथाइलयुक्तच राहते, म्हणून त्यांचा आकडा दोनने गुणायचा. हे विसरल्यामुळे ‘पुरुषांत टी-रेग दुप्पट’ असा शोध लागू शकतो.

आकडे मांडताना

प्रत्येक भेटीत स्मीअर पुन्हा करा. व्हायव्हॅक्स यकृतात दडून उलटतो, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी परजीवी रक्तात असतील तर तो नमुना ‘बरा झालेला’ म्हणून धरता येत नाही. पुनरावृत्ती टाळण्यासाठीचं १४ दिवसांचं प्रायमाक्विन रुग्णाने पुरं केलं की नाही, तेही लिहा.

तुलना त्याच रुग्णाच्या तीन नमुन्यांची, जोडीने. शेजारच्या निरोगी माणसांशी केलेली तुलना दुय्यम. परजीवींची संख्या लॉगमध्ये घ्या, आणि टी-रेग व लक्षणं यांचा संबंध तपासताना ती समीकरणात ठेवाच. जास्त परजीवी असले की ताप जास्त आणि टी-रेगही जास्त, इतकंच बहुतेक आलेख सांगत असतात. टी-रेगमुळे परजीवी वाढले की परजीवींमुळे टी-रेग वाढल्या, हे आजारी पडून आलेल्या रुग्णाच्या रक्तातून ठरत नाही. त्यासाठी लागणीआधीचा नमुना लागतो, आणि तो फक्त स्वयंसेवकांच्या अभ्यासात किंवा पावसाळ्याआधी गावात जाऊन निरोगी लोकांचं रक्त घेऊन ठेवणाऱ्या अभ्यासात मिळतो. दुसरा मार्ग आपल्याकडे करता येण्याजोगा आहे : मे महिन्यात नोंदणी आणि पहिला नमुना, मग डिसेंबरपर्यंत दर पंधरवड्याला ताप आणि स्मीअरची पाहणी. हे नमुने गोठवलेले असणार, तेव्हा आजारातले नमुनेही गोठवूनच तपासा. एका माणसाच्या सगळ्या भेटींच्या पेशी त्याच दिवशी, त्याच मिश्रणाने रंगवा. ताज्या आणि गोठवलेल्या पेशींची तुलना केली तर फरक फ्रीझरचाही असू शकतो.